सतरा रिळं, इटली १९४३–४५ : ८ मिमी फिल्म वाचवण्याच्या आणि ओळखण्याच्या नोंदी

६ जानेवारी

पेटी उघडली. अमेरिकन पाचव्या आर्मीच्या पुरवठा विभागातल्या एका ट्रकचालकाने इटलीत स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतलेली फिल्म. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे नाव कुठेही लिहायचं नाही, रिळांना फक्त आर१ ते आर१७ असे क्रमांक.

आत मिळालं ते असं : ५० फुटी लहान रिळं १३ (त्यातली ९ कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, ४ काळी-पांढरी), नंतर घरी जोडून केलेली २०० फुटी रिळं ३, आणि चकतीवर गुंडाळलेलं एक अजब रीळ, जे ८ मिमीच्या रिळात बसतच नाही इतकं रुंद आहे. तीन २०० फुटींत मिळून साधारण ५४० फूट भरतील. रुंद रीळ धरून एकूण अंदाज १,२४० फूट. ८ मिमीला फुटाला ८० फ्रेम, म्हणजे ९९,००० च्या वर फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेमने पावणेदोन तासांना थोडं कमी.

एकही डबा हलवण्याआधी पेटीचा वरून फोटो, मग प्रत्येक थराचा फोटो. रिळं कोणत्या क्रमाने रचली होती हाही पुरावाच असतो. कोडॅकच्या पिवळ्या खोक्यांवरचे पत्ते, टपालाचे शिक्के, पेन्सिलीच्या खुणा यांचे वेगळे फोटो, दोन्ही बाजूंनी. खोकं आणि त्यातलं रीळ यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. त्या काळी कोडाक्रोमच्या किमतीतच धुण्याचा खर्च धरलेला असे. शूट केलेलं रीळ कोडॅकच्या प्रयोगशाळेत जायचं आणि तिथून टपालाने दिलेल्या पत्त्यावर. इथे सगळा पत्ता अमेरिकेतल्या घराचा आहे. त्यामुळे खोक्यावरची तारीख ही ‘यानंतर शूट झालेलं असणं अशक्य’ अशी पक्की मर्यादा देते. चित्रात काय दिसतं याआधी हीच तारीख वहीत आली पाहिजे.

८ जानेवारी

आर९, आर१४ आणि आर१५ चे डबे उघडताच व्हिनेगरचा वास. ही सगळी फिल्म अ‍ॅसिटेट बेसची ‘सेफ्टी’ फिल्म आहे (बेस म्हणजे चित्राचा थर पेलणारी प्लास्टिकची पट्टी). झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची भीती नाही, पण अ‍ॅसिटेट दमट-उबदार जागी सडतं, अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची सड वाढवतं. नाकावर भरवसा ठेवायचा नाही. नाक दहा मिनिटांत मरतं, आणि ज्या रिळाला अजून वास नाही तेही आतून सुरू झालेलं असू शकतं. प्रत्येक डब्यात ए-डी पट्टी (आम्लाने रंग बदलणारी कागदी पट्टी) घालून झाकण लावलं. खोलीच्या तापमानाला २४ तास.

९ जानेवारी

पट्ट्या वाचल्या. निळी म्हणजे ०, पिवळी म्हणजे ३, मधल्या हिरव्या छटा पेन्सिलीवरच्या नमुन्याशी ताडून. तेरा रिळं ० ते ०.५. आर३ वर १. आर१४, आर१५ वर १.५, म्हणजे सड आपोआप वेग घेते तो टप्पा. आर९ वर २.

ही चार रिळं बाकीच्यांपासून वेगळ्या कपाटात. स्कॅनचा क्रमही बदलला : आर९ पहिलं, मग १४, १५. चित्र कुठलं जास्त महत्त्वाचं यावर क्रम ठरवायचा मोह असतो, तो टाळायचा. जे आधी मरणार ते आधी.

१३ जानेवारी

आकसणं मोजलं. ८ मिमीला एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंत ३.८१ मिमी, म्हणून १०० छिद्रांचं अंतर ३८१ मिमी यायला हवं. प्रकाश-टेबलावर पोलादी पट्टीला समांतर, न ताणता ठेवून :

आर१ : ३७९.६ मिमी, म्हणजे ०.३७ टक्के.
आर१४ : ३७८.४, ०.६८ टक्के.
आर९ : ३७७.४, ०.९४ टक्के.

०.८ च्या पुढे गेलेली फिल्म दात असलेल्या यंत्रावर चढवली की दात आणि छिद्र यांचा मेळ बसत नाही, आणि छिद्रांच्या कडा एकामागून एक फाटत जातात. म्हणून ‘एकदा जुन्या प्रोजेक्टरवर लावून बघूया’ ही कुटुंबाची विनंती नाकारावी लागली. दातांऐवजी गुळगुळीत रोलर असलेलं आणि छिद्रं कॅमेऱ्याने ओळखणारं स्कॅनर वापरायचं.

मग कडेवरचं लेखन. कोडॅक फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणांचा संकेत असतो, त्यावरून फिल्म तयार झाल्याचं वर्ष कळतं. अडचण दोन. पहिली : खुणा दर वीस वर्षांनी परत येतात, म्हणजे १९२४, १९४४ आणि १९६४ ला एकच खूण. इथे ती सुटते, कारण ८ मिमी हा प्रकारच १९३२ चा आणि ८ मिमी कोडाक्रोम १९३६ चं. दुसरी अडचण जास्त लोकांना फसवते : हे वर्ष फिल्म बनल्याचं, शूट झाल्याचं नाही. युद्धात दोन वर्षं जुनी फिल्मही हाती लागेल तशी वापरली जायची. कडेची खूण खालची मर्यादा देते, खोक्यावरचा शिक्का वरची. सत्य या दोहोंच्या मधे.

१६ जानेवारी

साफसफाई आणि जोड.

हाताने फिरवायच्या रिवाइंडरवर, सावकाश. आधी कोरडी सफाई : मऊ ब्रश, मग चिकट रोलर. कोडाक्रोमची इमल्शनची (चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराची) बाजू तिरक्या उजेडात धरली की चित्र उठावाने दिसतं, जणू पितळी पत्र्यावर ठोकलेलं. हा उठाव कापडाने घासला तर केसासारख्या रेघा पडतात, म्हणून त्या बाजूला दाब अगदी कमी. ओली सफाई फक्त गरज असेल तिथे, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागा न सोडणाऱ्या कापडावर. पाणी अजिबात नाही. जिलेटिन फुगतं, आणि बुरशी लागलेल्या जागी तर इमल्शन कापडाला चिकटून येतं. लीडरवरच्या (रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवरच्या) शाईच्या नोंदींचे फोटो आधीच घेतले होते ते बरं झालं, कारण आर४ ची निळी शाई अल्कोहोलच्या पहिल्या स्पर्शात पसरली.

जोड एकूण ६१. त्यातले २३ सिमेंटचे (फिल्म चिकटवायच्या द्रावणाचे) जोड वाळून बोट लावताच सुटले. जुनं सिमेंट खरवडून पुन्हा सिमेंट लावलं तर दर जोडाला एखादी फ्रेम जाते, म्हणून ८ मिमीची तयार छिद्रांची पॉलिएस्टर टेप दोन्ही बाजूंनी. एकही फ्रेम कापली नाही. आर१५ मध्ये सात ठिकाणी घरातली साधी चिकटपट्टी : पट्टी पिवळी पडून गळालेली, गोंद शेजारच्या वेढ्यांवर पसरलेला. नॅफ्थाने, खिडक्या उघड्या ठेवून, कापसाच्या काडीने एकेक. अर्धा दिवस गेला.

प्रत्येक ५० फुटी रिळाच्या बरोबर मधोमध, २५ फुटांवर, एक जोड आहे. तो घरचा नव्हे. त्या काळचं ८ मिमी रीळ खरं तर १६ मिमी रुंदीचं, २५ फूट लांब. कॅमेऱ्यातून एकदा जाताना अर्धी रुंदी उजळायची, मग चकती उलटी घालून दुसरी अर्धी. धुतल्यावर प्रयोगशाळा ते मधून चिरायची आणि दोन पट्ट्या एकापुढे एक जोडून ५० फूट करून द्यायची. हा मधला जोड आपल्याला मोजपट्टीसारखा उपयोगी आहे. तो जर २५ ऐवजी १७ फुटांवर सापडला तर समजायचं की त्याआधीचे आठ फूट कुणीतरी काढलेत. आर६ मध्ये तसंच आहे. ते आठ फूट आर१४ च्या पोटात आहेत का, हे स्कॅननंतर ताडायचं.

२१ जानेवारी

पहिलं स्कॅन, आर९. मांडणी : २०४८ × १५३६ पिक्सेल, १०-बिट डीपीएक्स (दर फ्रेमची वेगळी चित्र-फाइल), ओव्हरस्कॅनसह. फ्रेमचा आकार जेमतेम ४.८ × ३.५ मिमी. पण चौकट त्याहून मोठी ठेवली, म्हणजे छिद्र, कडेचं लेखन आणि छिद्रांच्या मधे सांडलेलं चित्रही येतं. फ्रेमपुरतं कापून स्कॅन करणं म्हणजे जुन्या पत्राचा मजकूर उतरवून लिफाफा फेकणं.

पहिली खेप वाया गेली. स्वयंचलित एक्सपोजर चालू राहिलं होतं. आकाश चौकटीत आलं की यंत्र सगळं गडद करत होतं, ट्रक आला की उजळत होतं, आणि पाहताना दिवाबत्ती लुकलुकल्यासारखं दिसत होतं. मूळ फिल्ममध्ये असं काही नाही. आता नियम : रिळाच्या सर्वांत उजळ जागी पातळी ठरवायची, कुलूप लावायचं, रीळ संपेपर्यंत हात लावायचा नाही. कोडाक्रोमच्या सावल्या फार दाट असतात. एका झोतात त्या नुसत्या काळ्या येतात, म्हणून प्रत्येक फ्रेमला दोन झोत, एक उजळ भागासाठी आणि एक सावल्यांसाठी. वेळ दुप्पट लागतो, पण ट्रकच्या ताडपत्रीखालची माणसं दिसू लागतात.

इन्फ्रारेडने धूळ पुसण्याची सोय बंद. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधल्या चांदीला ती धूळ समजते आणि कोडाक्रोमवरही तिचा भरवसा नाही.

फाटलेल्या छिद्रांपाशी चित्र उडी मारतं, कारण यंत्र छिद्राची कड शोधतं आणि ती तिथे नसते. त्या तुकड्यांपुरतं ओळखीचं स्थान छिद्राच्या दुसऱ्या कडेवर नेलं. आर९ मध्ये अशा ११ जागा, त्यातल्या नऊ सुटल्या. दोन ठिकाणी स्थिरीकरण नंतर, फक्त पाहण्याच्या प्रतीत.

२३ जानेवारी

वेग. ‘८ मिमी म्हणजे १६ फ्रेम’ असं गृहीत धरून चालत नाही. कॅमेरा किल्लीवर चालणारा, स्प्रिंग उतरत आली की वेगही उतरतो. मोजायला आर२ मध्ये छान साधन मिळालं : एक तुकडी कवायतीत चालताना. अमेरिकन सैन्याची नेहमीची चाल मिनिटाला १२० पावलं, म्हणजे सेकंदाला दोन. दोन टाचा टेकण्यातल्या फ्रेम मोजल्या : ८, ८, ८, ८, ८, ७, ८. म्हणजे १६ बरोबर. शॉटच्या शेवटी ७, ७, ६. तिथे स्प्रिंग मंदावली, कमी फ्रेम पडल्या आणि पडद्यावर माणसं घाईत चालल्यासारखी दिसतात. तो भाग ‘दुरुस्त’ केला नाही, नोंदवला.

कॅमेरा सुरू होताना पहिली एक-दोन फ्रेम जास्त उजळतात, कारण शटर अजून पूर्ण वेगात आलेलं नसतं. जिथे अशी उजळ फ्रेम आहे तिथे चालकाने स्वतः थांबून पुन्हा बटण दाबलंय. जिथे नाही आणि जोड आहे, तिथे नंतर घरी कापलंय. या एका खुणेवरून २०० फुटी रिळांमधलं मूळ आणि नंतरचं असं वेगळं करता येतंय.

पाहण्याची प्रत २५ फ्रेमच्या गतीने निर्यात झाली तर ४,००० फ्रेमचं रीळ ४ मिनिटं १० सेकंदांऐवजी २ मिनिटं ४० सेकंदांत धावतं. लोकांच्या मनात जुनी फिल्म म्हणजे दुडदुडणारी माणसं ही जी प्रतिमा बसलीय, तिचं मोठं कारण हेच.

२७ जानेवारी

आर१७, रुंद रीळ. अंदाज खरा ठरला : धुतलेलं पण न चिरलेलं ८ मिमी. रुंदी १६ मिमीची, छिद्रं मात्र १६ मिमीपेक्षा दुप्पट. पट्टीवर चार-चार चित्रं दिसतात, एक रांग सुलटी, दुसरी उलटी. प्रयोगशाळेत चिरायचं राहिलं असावं. घरी ते कुणालाच पाहता आलं नाही, म्हणूनच ते इतकं स्वच्छ आहे.

चिरायचं नाही. स्कॅनरच्या १६ मिमीच्या गेटमधून (फिल्म सरकते त्या खाचेतून) पूर्ण रुंदी स्कॅन केली. नंतर संगणकावर दोन भाग : डावी रांग जशीच्या तशी, उजवी १८० अंशांत फिरवून आणि फ्रेमचा क्रम उलटा करून. पहिल्या प्रयत्नात फक्त फिरवलं, क्रम उलटायचं राहिलं. गाढव मागे चालत होतं, धूर खाली शिरत होता.

मधल्या भागात कडेने नारिंगी धुकं, सुमारे ४० फ्रेम. चकती उलटी घालताना उजेड लागला. उन्हातच बदलली असावी.

३० जानेवारी

व्हेसुव्हियस, नेपल्सजवळचा ज्वालामुखी. या संग्रहातला सर्वांत उपयोगी पंचांग-कर्ता.

१९१३ पासून तो डोंगर सतत थोडाफार धुमसत होता. १८ मार्च १९४४ ला मोठा उद्रेक सुरू झाला, २१ तारखेला लाव्हा सान सेबास्तियानो गावात शिरला, महिनाअखेरपर्यंत सगळं शांत झालं, आणि त्यानंतर तो आजतागायत गप्प आहे. म्हणून नेपल्सच्या कुठल्याही शॉटमध्ये शिखरावर धुराचा तुरा असेल तर तो शॉट मार्च १९४४ संपण्याच्या आधीचा. तुरा नसेल तर एका शॉटवरून निर्णय नको, ढग आणि धुकंही तुरा झाकतात. दोस्त सैन्य नेपल्समध्ये १ ऑक्टोबर १९४३ ला पोचलं, म्हणून खालची मर्यादा ती.

आर३ मध्ये बंदरातून घेतलेले सहा शॉट, सगळ्यांत तुरा. ऑक्टोबर ४३ ते मार्च ४४. झाडं उघडी आहेत, म्हणजे हिवाळा.

आर८ च्या खोक्यावर नंतरच्या अक्षरात लिहिलंय ‘व्हेसुव्हियस, मे ४४’. चूक. टपालाचा शिक्का १४ एप्रिलचा आहे, आणि मे महिन्यात असं काही दिसणं शक्यच नव्हतं. चित्रात काळसर लाव्ह्याची भिंत रस्त्यातून इतकी सावकाश येते की सोळा सेकंदांत हलल्याचं जेमतेम कळतं. तिच्या पुढे दोन माणसं दाराची चौकट भिंतीतून सोडवून गाडीवर चढवताहेत. खिडक्या आधीच काढलेल्या. लाव्हा भिंतीला टेकतो, भिंत आधी फुगते, मग गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, आणि चौकट घेतलेली गाडी चौकटीबाहेर जाते. एवढंच. पण घर जाताना लोकांनी काय उचललं, ते इतकं जवळून दाखवणारा शॉट क्वचित मिळतो.

पुढच्या शॉटमध्ये राखेने दबलेली बी-२५ बॉम्बफेकी विमानं. उद्रेकात तेर्झिन्योजवळच्या विमानतळावर ३४० व्या बॉम्ब ग्रुपची विमानं निकामी झाली. ७५ ते ८८ असे वेगवेगळे आकडे दिले जातात. आपल्या चित्रात मोजता येतात नऊ. वर्णनात नऊच लिहायचे.

हे रीळ घरी सर्वांत जास्त वेळा लावलेलं दिसतं. छिद्रं झिजलेली, मधोमध रेघा, आणि रंग इतर रिळांपेक्षा फिके. कोडाक्रोमचे रंग अंधारात दशकानुदशकं टिकतात, प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र उडतात. आवडतं रीळ म्हणूनच सर्वांत थकलेलं.

४ फेब्रुवारी

आर१४ मध्ये, ९२ फुटांवर, २१ सेकंदांचा काळा-पांढरा तुकडा : कासिनोवर (रोमच्या दक्षिणेचं, मोठ्या लढाईचं गाव) बॉम्ब पडताना, दुरून, स्थिर कॅमेऱ्याने. कुटुंबात हाच तुकडा ‘त्याने स्वतः काढलेला’ म्हणून सर्वांत जास्त सांगितला जातो. तो त्याचा नाही.

कारणं. कॅमेऱ्यातून गेलेल्या मूळ फिल्मवर अक्षरं बेसच्या बाजूने पाहिली की सुलटी वाचता येतात, इमल्शनकडून पाहिली की उलटी. नेपल्समधल्या न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीवर ही कसोटी आधी करून घेतली. कासिनोच्या तुकड्यात नेमकं उलट आहे, म्हणजे ही दुसऱ्या फिल्मला चिकटवून छापलेली प्रत. कडेवर दोन लेखनं : एक त्या फिल्मचं स्वतःचं, दुसरं मूळावरून छापून आलेलं, धूसर. दोन्ही टोकांना जोड, सुरुवातीला उजळ फ्रेम नाही. आणि एक रेघ चित्रात आहे पण फिल्मच्या पृष्ठभागावर नाही, नखाला लागत नाही. ती मूळ निगेटिव्हची.

त्या काळी घरी दाखवायला ८ आणि १६ मिमीवर वार्तापटांच्या प्रती विकत मिळत, कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्यांचा तो मोठा धंदा होता. परतल्यावर माणूस आपली फिल्म जोडून दाखवायचा तेव्हा जे स्वतःला टिपता आलं नाही ते विकतच्या रिळातून कापून मधे घालायचा. यात फसवणूक नाही, गोष्ट पुरी करण्याची धडपड आहे. तुकडा काढायचा नाही, आर१४ चा तो भागच आहे. वर्णनात मात्र ‘बाहेरची छापील प्रत’ असं स्पष्ट.

१० फेब्रुवारी

आर५, फ्रेम १,४१२ ते १,६३५. १४ सेकंद. आतापर्यंतचा सर्वांत महत्त्वाचा शॉट, आणि चुकीचं नाव चिकटायची सर्वांत जास्त भीती असलेला.

चिखलाचा रस्ता, उघडी झाडं, मागे बर्फाची डोंगररांग. पाच-सहा हिंदी सैनिक रस्त्यावर खडी टाकताहेत. अंगात बिनबाह्यांची चामडी जाकिटं. एकाच्या हातातलं भांडं घमेल्यासारखं उथळ. तो ते मांडीला टेकवून कलतं करतो, खडी ओतून झाल्यावर बुडाला तळहाताने एक थाप मारतो, चिकटलेला चिखल पडतो, आणि मग कॅमेऱ्याकडे बघतो. चालकाने पाठवलेल्या यादीत या शॉटला फक्त ‘भारतीय, रस्ता’ असं म्हटलंय. मागे ट्रक. फ्रेम १,४८८ ते १,४९० या तीनच फ्रेममध्ये ट्रकचं तोंड स्थिर आहे. एका मडगार्डवर गडद चौकोनात लाल पक्षी, दुसऱ्यावर निळा चौकोन. पक्ष्याचा चौकोन फिल्मवर ०.०८ मिमी, स्कॅनवर २७ पिक्सेल.

लाल गरुड हे ४ थ्या हिंदी डिव्हिजनचं चिन्ह. कोबाल्ट निळा चौकोन इंजिनिअरांचा. ही डिव्हिजन फेब्रुवारी १९४४ च्या सुरुवातीला कासिनोच्या आघाडीवर आली, अमेरिकन ३४ व्या डिव्हिजनची जागा घेतली आणि न्यूझीलंड कोअरमधून अमेरिकन पाचव्या आर्मीच्या हाताखाली लढली. मार्चअखेर ती तिथून हलली. म्हणून एका अमेरिकन पुरवठा-चालकाच्या वाटेत हे सैनिक येणं स्वाभाविक आहे. तारीख : फेब्रुवारी ते मार्च १९४४. खोक्यावरचा शिक्का, उघडी झाडं, बर्फ, तिन्ही जुळतात.

यंत्राने ‘स्पष्ट’ करून पाहिलं, चाचणी म्हणून. पंख वितळून लाल ठिपका उरला आणि सैनिकाच्या चेहऱ्यावर नसलेली मिशी आली. ती फाइल पुसली. असल्या प्रतीवरून कुणी ओळख पटवली तर ती ओळख यंत्राची, माणसाची नव्हे.

११ फेब्रुवारी

कालच्या शॉटला मसुद्यात ‘मराठा सैनिक’ असं लेबल पडलं होतं. काढलं. मायेपोटी पडलं हे समजतं, पण पुरावा तसं म्हणत नाही. इटलीत लढलेल्या मराठा पायदळ बटालियन ८ व्या आणि १० व्या हिंदी डिव्हिजनमध्ये होत्या. १/५ मराठा (५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन) ८ व्या डिव्हिजनबरोबर त्या हिवाळ्यात एड्रियाटिकच्या बाजूला, देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे. ३/५ मराठा १० व्या डिव्हिजनमध्ये, आणि ती डिव्हिजन आघाडीवर आली वसंतात. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई १० जुलै १९४४ ची, वरच्या टायबर खोऱ्यातली. शिपाई नामदेव जाधव यांची ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीवरची. दोन्ही या शॉटपासून दूर.

एक धागा मात्र खरा आहे आणि तो खडकीला जातो. ४ थ्या हिंदी डिव्हिजनच्या इंजिनिअर कंपन्यांमध्ये २१ फील्ड कंपनी ही बॉम्बे सॅपर्सची (सॅपर्स म्हणजे लष्करी इंजिनिअर) होती, ज्यांचं घर खडकी. तिच्याबरोबर बंगाल आणि मद्रास सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. निळ्या चौकोनावरचा अंक वाचता आला असता तर कंपनी ठरली असती. तिन्ही फ्रेममध्ये अंकाच्या जागी चिखल आहे.

अंतिम वर्णन : ‘४ थी हिंदी डिव्हिजन, इंजिनिअर, बहुधा कासिनोच्या पिछाडीचा रस्ता, फेब्रु.–मार्च १९४४. कंपनी अनिश्चित, शक्यतांमध्ये २१ फील्ड कंपनी, बॉम्बे सॅपर्स.’ शोधात ‘खडकी’ टाकलं तरी हा शॉट सापडेल अशी सोय ठेवली. खडकीच्या एखाद्या घरात त्या हिवाळ्याचा फोटो असेल तर ताडून पाहता येईल.

१७ फेब्रुवारी

आर१०, आर१२ पटकन.

पिसा : मनोऱ्याशेजारच्या कांपोसांतोला छप्पर नाही. ते २७ जुलै १९४४ ला तोफगोळ्याने पेटून कोसळलं. दोस्त सैन्य २ सप्टेंबरला पिसामध्ये आलं, आणि मॉन्युमेंट्स अधिकारी (युद्धात कला आणि वास्तू वाचवणारे सैन्याधिकारी) डीन केलर यांनी तात्पुरतं छप्पर घालून घेतलं. चित्रात तेही नाही. म्हणजे सप्टेंबर किंवा त्याच्या लगतचा काळ.

फ्लॉरेन्स : जर्मनांनी ऑगस्टच्या सुरुवातीला पाँते व्हेक्यिओ सोडून सगळे पूल उडवले. सान्ता त्रिनिताच्या उरलेल्या खांबांवर बेली पूल (तयार पोलादी पॅनेल जोडून उभारलेला लष्करी पूल) दिसतो. बेलीचं प्रत्येक पॅनेल १० फुटी, त्यामुळे पॅनेल मोजली की गाळ्याची लांबी मिळते आणि पूल कुठला याची खात्री करता येते.

आर१३ सगळं अंधारं. तेव्हाच्या कोडाक्रोमला भर उन्हात एफ/८ लागायचं, ढगाळ दिवशी लेन्स जवळजवळ पूर्ण उघडी. खोलीत, संध्याकाळी काहीच नाही. संग्रहात रात्र नाही, इस्पितळाचा आतला भाग नाही, बंकर नाही. हे चालकाला दिसलं नाही असं नव्हे, फिल्मला दिसलं नाही. वर्णनाच्या प्रस्तावनेत हे येणं जरुरीचं आहे.

२० फेब्रुवारी

रंग. पाहण्याच्या प्रतीत फक्त रिळभर एकच सुधारणा, शॉटमागे वेगळी नाही. ताडायला ट्रकवरचा पांढरा तारा आणि मळकट हिरवा रंग, दोन्ही माहितीतले. आकाश निळं ‘करून’ दाखवायचं नाही. तोफांचे आवाज, संगीत काही जोडायचं नाही, फिल्म मुकी आहे.

तुलनेसाठी : जॉर्ज स्टीव्हन्स यांनी युरोपात घेतलेली १६ मिमी रंगीत फिल्म २००८ मध्ये, आणि सॅम्युएल फुलर यांनी मे १९४५ मध्ये फाल्केनाऊ छळछावणीत आईने पाठवलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेली फिल्म २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत) गेली. स्टीव्हन्स आधीच नावाजलेले दिग्दर्शक, फुलर पुढे झाले, दोघांनाही काय टिपायचं ते कळत होतं. आपल्या चालकाला शॉट धरून ठेवायची सवय नाही, पण तो रस्त्याकडे बघतो : चिखल, टायर, खडी टाकणारी माणसं. पुरवठ्याची बाजू अशी क्वचितच कुणी टिपली.

आर६ मधून गायब असलेले आठ फूट सापडले, आर१४ मध्ये नव्हे तर आर१६ च्या शेवटी. कडेची खूण आणि शेवटच्या फ्रेमचा फाटका कोन जुळले. एक मृत जर्मन सैनिक, रस्त्याकडेला, चेहरा उघडा. कुणीतरी ते मुख्य रिळातून काढलं, पण टाकलं नाही. मूळ जागा नोंदवली, फिल्म आहे तिथेच ठेवली. हा तुकडा खुल्या प्रतीत नाही, विचारून पाहता येईल.

२४ फेब्रुवारी

फाइली. एका डीपीएक्स फ्रेमला १२.६ एमबी, ५० फुटी रिळाला सुमारे ५० जीबी, सगळं मिळून सव्वा टीबी. रॉकुक्ड या सॉफ्टवेअरने एफएफव्ही१ मट्रोस्का या, काही न गमावता आकार कमी करणाऱ्या फाइलीत बांधलं, परत उलगडून मूळाशी बिट-बिट ताडलं. आर११ ची पडताळणी फसली, एमडी५ (फाइलीचा ओळख-अंक) जुळेना. दोष फाइलीत नव्हता, यूएसबी केबलमध्ये होता. केबल बदलून पुन्हा नक्कल, जुळलं. ती केबल कापून टाकली, नाहीतर कुणीतरी पुन्हा लावतं.

तीन प्रती : दोन डिस्क वेगळ्या इमारतींत, एक टेपवर.

२७ फेब्रुवारी

मूळ रिळं नव्या हवा खेळणाऱ्या डब्यांत, सैल गुंडाळून. आर९, १४, १५ सोबत आम्ल शोषणाऱ्या पुड्या. शीतगृहात जाण्याआधी पिशवीत आर्द्रतेची पट्टी घातली. जुनी पिवळी खोकी वेगळ्या पेटीत, त्याच क्रमांकांनी.

राहिलेलं : आर१७ च्या उजव्या रांगेतलं गाव ओळखायचं आहे. टेकडीवर चौकोनी घंटाघर, खाली नदी, डावीकडे तुटलेला दगडी पूल, कमानी पाच, मधली नाही. फ्रेम ६१० ते ७७२. कमानींचे कोन मोजून ठेवलेत.